ऑक्सिजन गिळणारा धातू

शुद्ध निकेल 1455 अंश सेल्सिअसला वितळते, लोखंड 1538 अंशांना आणि टायटॅनियम 1668 अंशांना. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले की उष्णतेच्या कामाला तिघांत टायटॅनियमच सरस ठरणार, असे कोणालाही वाटेल. शिवाय वजनाला ते पोलादाच्या जेमतेम 60 टक्के भरते. प्रत्यक्षात विमानाच्या इंजिनात निकेलच्या मिश्रधातूंची पाती 1000 अंशांच्या घरात राबतात आणि टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूंना 600 अंशांच्या आसपासच थांबावे लागते. सर्वांत जास्त खपणारा ग्रेड 5, म्हणजे 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू, तर 350 ते 400 अंशांच्या पुढे दीर्घकाळ कोणी नेत नाही. वितळायला अजून हजारभर अंश बाकी असताना हा धातू इतक्या लवकर हात का टेकतो, याचे एक कारण ताणाखाली तो हळूहळू लांबत जातो हे आहे. पण दुसरे कारण मला जास्त विलक्षण वाटते, आणि या लेखाचा विषय तेच आहे.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या लॅबमध्ये उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाचा टायटॅनियमशी तसा संबंध येत नाही. आमचे दिवस ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन जातींत जातात. लाडलमधल्या धातूचे तापमान, कार्बन इक्विव्हॅलंट, नोड्यूल काउंट आणि ग्राहकाने परत पाठवलेले कास्टिंग हेच आमचे विश्व. मात्र कोल्हापुरात गाड्यांचे वेड जुने आहे, आणि आमच्या गल्लीतला एक इंजिनिअर झालेला मुलगा गेली काही वर्षे मोटारसायकलींसाठी टायटॅनियमचे सायलेन्सर बनवतो. एके संध्याकाळी तो पाइपचा एक तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, “काका, ह्याचा मेल्टिंग पॉइंट लोखंडापेक्षा जास्त आहे की! मग इंजिनच्या तोंडाशी लावल्यावर हे खराब का व्हायला लागलंय? वरून कसलं कोटिंग मारलं तर चालंल काय?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधता शोधता मी माझ्या हद्दीच्या बराच बाहेर गेलो.

त्याच्या पाइपवर पिवळसर, मग जांभळा आणि पुढे गडद निळा असा जो रंगांचा पट्टा उमटला होता, तो गिऱ्हाइकांना फार आवडतो. तो रंग कोणी दिलेला नसतो. टायटॅनियमवर काही दशांश-शतांश मायक्रॉन जाडीची ऑक्साइडची पारदर्शक फिल्म चढते आणि तिच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून जाडीनुसार रंग दाखवतो. तापमान वाढत गेले की फिल्म जाड होते, रंग पुसले जातात, करडेपणा येतो आणि शेवटी फिकट पिवळट पापुद्रे सुटू लागतात. सायलेन्सरवाल्यांच्या दृष्टीने निळा रंग ही शोभा असेल. माझ्या दृष्टीने तो तापमानाचा पुरावा आहे.

हाडांचे स्क्रू वगैरे जॉबवर्क करणाऱ्या ओळखीच्या एका वर्कशॉपमधून मी ग्रेड 5 च्या बारचे उरलेले टोक मागून घेतले, त्याची एक पातळ पट्टी कापून घेतली आणि आमच्या अ‍ॅनीलिंग भट्टीत 900 अंशांच्या लॉटबरोबर रात्रभर ठेवली. सकाळी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा पिवळट थर आला होता आणि नखाने तो निघत होता. इथवर लोखंडापेक्षा वेगळे काही नाही. लोखंडावरही स्केल, म्हणजे ऑक्साइडचा पापुद्रा, येतेच. पण थर खरवडून, खालचा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून पट्टी व्हाइसमध्ये वाकवली, तेव्हा बाहेरच्या बाजूला आडव्या बारीक चिरा एकामागून एक उघडत गेल्या. न तापवलेली पट्टी तेवढीच वाकवल्यावर तिला काहीही झाले नाही. मग कापलेला छेद बेकलाइटमध्ये माउंट करून, पॉलिश करून मायक्रो व्हिकर्सखाली धरला. गाभ्यात 350 च्या आसपास असलेली कडकपणाची संख्या कडेकडे चढत चढत दुपटीकडे गेली होती. हिऱ्याच्या टोकाने उमटवलेले चौकोन आतून बाहेर येताना एकापेक्षा एक लहान होत गेलेले डोळ्यांना सरळ दिसत होते. एचिंग, म्हणजे धातूची अंतर्गत रचना दिसावी म्हणून आम्लाने केलेले हलके कोरणे, मात्र आमच्याकडे केले नाही. लोखंडासाठी आम्ही नायटल, म्हणजे अल्कोहोलमधले पातळ नायट्रिक आम्ल, वापरतो, पण टायटॅनियमला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते आणि कातडीवर पडल्यास आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत पोहोचणारे ते आम्ल आमच्या लॅबमध्ये असू नये, असे माझे ठाम मत आहे. बाहेरच्या एका टेस्टिंग लॅबमधून छेद एच करून आणला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कडेने पांढऱ्या काठासारखा पट्टा स्पष्ट उमटला.

या पट्ट्याला धातूशास्त्रात अल्फा केस म्हणतात आणि टायटॅनियमचे खरे दुखणे तेच आहे. बहुतेक धातू ऑक्सिजनशी संयोग करून पृष्ठभागावर ऑक्साइड तयार करतात, त्यात काही धातू खर्ची पडतो, पण ऑक्साइडखाली उरलेला धातू फारसा ऑक्सिजन सामावून घेत नाही. टायटॅनियम तो सामावून घेतो, आणि तोही थोडाथोडका नाही. त्याच्या अल्फा रूपात, म्हणजे साध्या तापमानाला असणाऱ्या स्फटिकरूपात, टायटॅनियमच्या दर दोन अणूंमागे ऑक्सिजनचा जवळजवळ एक अणू मावू शकतो. 600 अंशांच्या पुढे हे अणू स्फटिकाच्या फटींतून आत सरकू लागतात आणि जिथे पोहोचतात तिथला धातू कडक व ठिसूळ करून ठेवतात. म्हणजे नुकसान दुहेरी असते: वरचे स्केल नजरेला दिसते, वजनात मोजता येते, खालचा ठिसूळ पट्टा मात्र भाग कापल्याशिवाय समजत नाही, आणि पंख्याच्या पात्यासारख्या सतत थरथरणाऱ्या भागात थकव्याची पहिली चीर तिथेच उमलते. टायटॅनियमचे कास्टिंग करणारे कारखाने हा पट्टा हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणात विरघळवून काढतात. आमच्या धंद्यात फेटलिंगला, म्हणजे ओतकाम घासून साफ करण्याला, जे स्थान आहे, ते त्यांच्या धंद्यात या आम्लाच्या टाकीला आहे.

लेपाचा विचार इथून सुरू होतो आणि त्याच्यापुढची अट नेहमीच्या रंगापेक्षा किंवा प्लेटिंगपेक्षा कितीतरी कडक असते. गंज रोखणाऱ्या साध्या लेपात थोडी छिद्रे राहिली तरी निभावून जाते. इथे लेपाने ऑक्सिजन जवळजवळ पूर्ण अडवायला हवा, शेकडो वेळा तापून-निवून चिकटून राहायला हवे, खालच्या टायटॅनियमशी संयोग करून नवी ठिसूळ संयुगे तयार करता कामा नयेत, आणि स्वतः चिरून ती चीर धातूत उतरवता कामा नये. या चारही अटी एकत्र पाळणारा लेप मिळवण्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा कित्येक दशके झगडत आहेत.

निकेलचे मिश्रधातू का तगतात, ते पाहिले की वाट कळते. त्यांच्यात घातलेले अ‍ॅल्युमिनियम किंवा क्रोमियम स्वतःचा ऑक्साइड पृष्ठभागावर वाढवते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना, इतका घट्ट विणलेला असतो की त्यातून ऑक्सिजन अत्यंत सावकाश सरकतो. आम्हा कास्ट आयर्नवाल्यांना हे नवे नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या हाउसिंगसाठी ओतल्या जाणाऱ्या सिमो एसजी आयर्नमध्ये सुमारे 4 टक्के सिलिकॉन असते आणि तेच स्केलखाली सिलिकायुक्त थर तयार करून लोखंडाला जपते. टायटॅनियमवर वाढणारा ऑक्साइड, म्हणजे रुटाइल या रूपातला टायटॅनियम डायऑक्साइड, याच्या उलट वागतो. त्याच्या जालकात, म्हणजे अणूंच्या मांडणीत, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, आणि त्या रिकाम्या जागांतून उड्या मारत ऑक्सिजन आत जात राहतो. 900 अंशांना रुटाइल आणि अ‍ॅल्युमिना यांच्या वाढीच्या वेगात शेकडो-हजारो पटींचे अंतर पडते.

इथे एक गंमत सांगायला हवी. शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ फिल्मवरच्या संशोधनासाठी देशभर ओळखला जातो आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या फिल्म हा तिथला जुना विषय आहे. सौर घट, वायू ओळखणारे सेन्सर, प्रकाशाने घाण विघटित करणारे पृष्ठभाग यांसाठी हा ऑक्साइड मोलाचा ठरतो, आणि सेन्सरमध्ये तर त्याच्या जालकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाच कामी येतात. राजारामपुरीतून विद्यापीठाकडे चढावे तर हा दोष गुण होतो आणि पुणे-बंगळूर हायवेने शिरोलीकडे यावे तर पुन्हा दोष. त्या विभागातल्या लोकांशी बोलताना मला या ऑक्साइडविषयी आदर वाटू लागतो, हेही कबूल करतो.

तर रुटाइलऐवजी अ‍ॅल्युमिना उगवला पाहिजे. त्यासाठी पृष्ठभागावर भरपूर अ‍ॅल्युमिनियम हवे, आणि ते चढवण्याची सर्वांत रुळलेली रीत आपल्याकडच्या कल्हईची सख्खी बहीण आहे. भाता मारून लाल केलेल्या पातेल्यात नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो पांढरा धूर आठवेल. अ‍ॅल्युमिनायझिंगच्या पॅक पद्धतीतही तोच नवसागर वापरतात. बंद पेटीत अ‍ॅल्युमिनियमची पूड, दाणे चिकटू नयेत म्हणून अ‍ॅल्युमिनाची पूड आणि चिमूटभर नवसागर यांत भाग पुरून, हवा आत येऊ न देता पेटी तापवतात. नवसागराच्या वाफेतले क्लोरीन अ‍ॅल्युमिनियमला वायुरूप देऊन भागापर्यंत नेते, तिथे अ‍ॅल्युमिनियम सोडते आणि पुन्हा नवे आणायला मोकळे होते. पृष्ठभागावर तीन अणू अ‍ॅल्युमिनियमला एक अणू टायटॅनियम असे संयुग तयार होते आणि त्यावर पुढे अ‍ॅल्युमिना छान वाढतो.

कल्हईचे कथील मऊ असते. हे संयुग काचेसारखे ठिसूळ. त्यातच तापल्यावर प्रसरण पावण्याचे प्रमाण जुळत नाही. टायटॅनियमचा एक मीटर दर अंशामागे सुमारे 9 मायक्रॉन लांबतो, तर हा लेप त्यापेक्षा बराच जास्त. पेटीतून काढून थंड होताना लेप जास्त आकसू पाहतो, खालचा धातू त्याला आकसू देत नाही, आणि काम सुरू होण्याआधीच त्यात आडव्या-उभ्या चिरा पडलेल्या असतात. चीर म्हणजे ऑक्सिजनला आत जायचा रस्ता. वर पुन्हा, उच्च तापमानाला लेपातले अ‍ॅल्युमिनियम आत झिरपत राहते, लेप हळूहळू गरीब होत जातो आणि एके दिवशी अ‍ॅल्युमिना वाढवण्याइतके अ‍ॅल्युमिनियम त्यात उरत नाही. सिलिकॉन मिसळून हा ठिसूळपणा काहीसा आवरता येतो, पण पूर्ण जात नाही.

निकेलच्या पात्यांवर यशस्वी झालेले निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम आणि यिट्रियमचे लेप टायटॅनियमवर तसेच्या तसे उचलून आणणे हा सर्वांत सोपा विचार होता, आणि तो फसला. निकेल आणि टायटॅनियम एकमेकांत वेगाने शिरतात व सीमेवर ठिसूळ संयुगांची रांग उभी करतात. काचेचा मुलामा ऑक्सिजन उत्तम अडवतो, पण धक्क्याला घाबरतो. नायट्राइडच्या फिल्मविषयी उद्यमनगरात कोणालाही वेगळे सांगायला नको. लेथवर काम करणाऱ्या प्रत्येकाने टायटॅनियम नायट्राइडची सोनेरी ड्रिल वापरलेली असते. ती फिल्म झीज उत्तम सोसते, आणि वाळूने झिजणाऱ्या हेलिकॉप्टरच्या कंप्रेसर पात्यांवरही तिचा उपयोग झाला आहे. मात्र 500-600 अंशांच्या दरम्यान ती स्वतःच ऑक्साइड होऊ लागते. अ‍ॅल्युमिनियम मिसळलेली जांभळट-काळी नायट्राइड फिल्म 800 अंशांपर्यंत धीर धरते, म्हणून इन्सर्टवर, म्हणजे कटिंग टूलच्या बदलत्या टोकांवर, तिचा बोलबाला आहे. पण निर्वात कक्षात चढवलेल्या अशा फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढीही नसतील अशी छिद्रे राहतात, आणि कटिंग टूलला जी खपतात ती टायटॅनियमच्या पात्याला खपत नाहीत.

चुकीचा लेप लेप नसण्यापेक्षा घातक ठरतो, याचे एक उदाहरण 1960 च्या दशकातले आहे. बहुतांश टायटॅनियमची असलेली अमेरिकेची ए-12 आणि एसआर-71 ही टेहळणी विमाने बनवताना कॅडमियम चढवलेल्या पान्यांनी बोल्ट आवळले जात होते. पान्याचे कॅडमियम बोल्टच्या माथ्याला लागायचे, आणि भाग तापल्यावर तेवढ्या कॅडमियमने टायटॅनियम ठिसूळ होऊन माथे निखळायचे. शेवटी कारखान्यातल्या पेट्यांमधून कॅडमियमचे पाने हुडकून काढून टाकावे लागले.

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत बुद्धिमान वाटलेली युक्ती लेपाची म्हणताच येत नाही. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइड नावाचे मिश्रधातू आहेत, ज्यांत जवळजवळ अर्धे अणू अ‍ॅल्युमिनियमचे असतात. त्यांची घनता 4 च्या आसपास, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूंच्या निम्मी. इतके अ‍ॅल्युमिनियम असूनही हवेत त्यांच्यावर नुसता अ‍ॅल्युमिना वाढत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम दोघांची ऑक्सिजनची ओढ जवळपास सारखीच असल्याने दोन्ही ऑक्साइड मिसळून वाढतात, आणि हवेतला नायट्रोजन मध्ये नायट्राइड घुसवून आणखी विचका करतो. अशा मिश्रधातूच्या पृष्ठभागात अगदी थोडे फ्लोरीन घातले की चित्र पालटते. फ्रँकफर्टच्या डेकेमा संशोधन संस्थेने या परिणामावर दीर्घकाळ काम केले आहे. ऑक्साइडखालच्या सूक्ष्म पोकळ्यांत फ्लोरीन अ‍ॅल्युमिनियमला निवडून उचलते, टायटॅनियमला फारसे शिवत नाही. तयार झालेला अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडचा वायू बाहेर सरकतो, जास्त ऑक्सिजन भेटताच त्याचा अ‍ॅल्युमिना होतो आणि सुटलेले फ्लोरीन परत आत येऊन पुन्हा कामाला लागते. नवसागरातले क्लोरीन पेटीत जी हमाली करते, तीच इथे धातूच्या अंगात, भाग चालू असताना होत राहते. मात्रा मात्र जपावी लागते. कमी पडले तर परिणाम दिसत नाही, जास्त झाले तर टायटॅनियमही उडू लागते. फ्लोरीन आयनांच्या माऱ्याने घालता येते, पातळ आम्लात बुडवून घालता येते, इतकेच नव्हे तर फ्लोरीनयुक्त पॉलिमरचा फवारा मारूनही घालता येते. वर वेगळा जाड थर नसल्याने भागाचे माप बदलत नाही आणि जाड, ठिसूळ लेपाचा तो चिरण्याचा रोगही मागे लागत नाही. ग्रेड 5 सारख्या, अ‍ॅल्युमिनियम कमी असलेल्या मिश्रधातूत मात्र आधी पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम वाढवून मगच फ्लोरीन द्यावे लागते.

तरीही उद्योगाचा कल अजून लेपावर विसंबण्याकडे नाही, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. 2011 मध्ये सेवेत आलेल्या जीईएनएक्स या विमानाच्या इंजिनात लो प्रेशर टर्बाइनच्या मागच्या टप्प्यांतली पाती टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडची आहेत. त्यात 48 टक्के अणू अ‍ॅल्युमिनियमचे आणि प्रत्येकी 2 टक्के क्रोमियम व नायोबियमचे. तिथले तापमान साधारण 750 अंशांच्या आत राहते आणि नायोबियम बरेचसे काम सांभाळते. कंप्रेसरमध्ये तर आणखी एक भीती असते: दाबाखालच्या तप्त हवेत टायटॅनियमचे पाते टायटॅनियमच्याच केसिंगला घासले तर धातू पेट घेऊ शकतो, आणि टायटॅनियमची आग नायट्रोजननेही विझत नाही, कारण ते नायट्रोजनमध्येही जळते. म्हणून लेपाच्या आधी रचनेने आणि तापमानाच्या मर्यादेने प्रश्न सोडवला जातो. आपल्याकडेही कच्चा माल कमी नाही. घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेले तर काळ्या वाळूत टायटॅनियमचे इल्मेनाइट सापडते, केरळमधल्या चवऱ्याला 2011 पासून टायटॅनियम स्पंजचा कारखाना आहे आणि हैदराबादच्या मिधानीत मिश्रधातू बनतात. पृष्ठभागाच्या प्रक्रियेत लहान उद्योगांना शिरायला वाव आहे, असे मला वाटते, आणि पीव्हीडीच्या, म्हणजे निर्वात कक्षात फिल्म चढवण्याच्या, भट्ट्या चालवणाऱ्यांनी या बाजूला पाहावे.

सायलेन्सरवाल्या मुलाने मध्यंतरी एका पुरवठादाराकडून कसलेसे सिरॅमिक कोटिंग मारलेला नमुना आणला. सोबत तापवल्यावर वजन किती कमी वाढते याचा सुंदर आलेख होता. वजनाचा आलेख मला पुरत नाही; लेपातून शिरलेला ऑक्सिजन धातूत किती खोल गेला, हे त्यावरून कळत नाही. म्हणून त्याला सांगितले, की सपाट चकतीऐवजी वेल्ड आणि धार असलेला तुकडा घे, सतत तापवण्याऐवजी तापव-निवव असे फेरे दे, मग तुकडा कापून कडेपासून आत कडकपणा मोज आणि न तापवलेल्या लेपवाल्या पट्टीलाही वाकवून बघ. त्या नमुन्यात सपाट भागावर लेप बरा राहिला होता, पण वेल्डच्या कडेने तो उठला होता आणि नेमका तिथेच धातू कडक झाला होता. शेवटी त्याने इंजिनच्या तोंडाशी असलेला पहिला हातभर पाइप स्टेनलेसचा ठेवला आणि तिथून पुढे टायटॅनियम लावले. वजनात थोडे नुकसान झाले, ते त्याला गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागते. थोडे अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि नायोबियम घातलेली, खास एक्झॉस्टसाठी जपानमध्ये काढलेली टायटॅनियमची ग्रेड मिळाली तर तो ती वापरून पाहणार आहे. किलोमागचा भाव ऐकून सध्या थांबला आहे.